साहेबाच्या बंगल्याची चतुःसीमा

शहापूरच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मला मोडीबाई म्हणतात. मोडी लिपी वाचते म्हणून हे नाव पडलं, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग एकदा जमिनीच्या एका दलालानं खुलासा केला. "बाई, तुमच्या हातात कागद गेला की व्यवहार मोडतो. म्हणून मोडीबाई." तो हे हसून म्हणाला, पण त्याचे तीन व्यवहार माझ्यामुळे मोडलेले होते, त्यामुळे ते हसू ओठांच्या आत काही गेलं नाही.

संपादिकाबाईंनी मला बजावलं आहे की कामाबद्दल लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा. तर आधी काम सांगते. एखाद्याला जमीन विकत घ्यायची असते. विकणारा म्हणतो, ही माझी. ती त्याच्याकडे कोणाकडून आली, त्या माणसाकडे कोणाकडून आली, मध्ये कोणाचा हिस्सा राहून गेला का, कोणाची वाट जाते का, हे जुन्या दस्तांमधून मागे मागे जात बघायचं. वकील याला 'सर्च' म्हणतात. साधारण तीस वर्षं मागे गेलं की वकिलांचं समाधान होतं. त्याच्या पलीकडे पूर्वज असतात, वाळवी असते आणि मी असते.

मी मूळची मुरबाडची. लग्नाआधी शहापूरच्या एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागले आणि रोज एस.टी.नं ये-जा करू लागले. साहेब मला जुन्या दस्तांच्या नकला आणायला रेकॉर्डरूममध्ये धाडायचे. तिथे टिल्लू नावाचे निवृत्तीला आलेले भाऊसाहेब होते. लाल रुमालांत बांधलेल्या दप्तरांच्या मध्ये ते असे बसायचे की त्यांनाही कोणीतरी रुमालात बांधून ठेवलंय असं वाटावं. मोडी मला त्यांनी शिकवली. मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा मारतात आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं त्यांना लटकवतात. लिहिणाऱ्याला बोरू उचलायचा कंटाळा, म्हणून एक अक्षर दुसऱ्याचा पदर धरून चालतं. "अक्षर वाचू नकोस," टिल्लू भाऊसाहेब म्हणायचे, "चालण्यावरून माणूस ओळखतेस ना, तसं ओळख."

जुन्या दस्तातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे चतुःसीमा. जमिनीच्या चारी दिशांना काय आहे ते त्यात लिहितात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस म्हसोबा, दक्षिणेस अमक्याचे खाचर, उत्तरेस आंबा. लिहिणाऱ्याला वाटायचं, ही कायमची खूण झाली. पण ओढा सरकतो आणि अमका मरतो. म्हसोबालाही लोक रातोरात चार हात हलवतात. टोकावड्याच्या दोन भावांचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. हद्दीवरचा आंबा वाळून गेला, तेव्हा दोघांनीही आपापल्या सोयीच्या जागी नवा आंबा लावला, वाढवला, आणि हाच तो आजोबांचा आंबा म्हणून भांडत आले. मी दोन्ही झाडं बघितली. दोन्हींना मोहोर आलेला होता आणि दोन्ही आंबे कलमी होते. आजोबांच्या काळात त्या भागात कलम कोणी पाहिलंही नसेल. मी तसं म्हटल्यावर दोघे भाऊ पहिल्यांदा एकत्र झाले, माझ्यावर चिडण्यासाठी.

असो. सांगायचं आहे ते वेगळंच प्रकरण आहे.

दोन वर्षांपूर्वी, होळी होऊन गेल्यावर, ठाण्याचे सबनीस नावाचे गृहस्थ माझ्या घरी आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड, डोक्यावर गोल टोपी. त्यांची मुलगी इंग्लंडला असते. तिच्याकडे गेले असताना ते एका खेड्यातल्या जुन्या मॅनरमध्ये, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या वाड्यात, राहिले होते. आता त्याचं हॉटेल झालेलं. तिथे भिंतीवर मोठी फ्रेम होती. तो वाडा कोणी बांधला, कोणी कोणाला विकला, कोणाच्या लग्नात कोणाला दिला, सगळं जुन्या दस्तांवरून शोधून काढून लिहिलेलं. सबनीस ते वाचत उभे राहिले आणि नाश्त्याची वेळ संपून गेली.

"ताई, तिकडे गावागावातून असा इतिहास काढून ठेवलाय," ते म्हणाले. "आपल्याकडे कोणाला पडलेलीच नाही. मला माझ्या मॅनरचा इतिहास काढून हवाय."

"तुमचा मॅनर कुठे आहे?"

"डोळखांबच्या पुढे."

डोळखांबच्या पुढे डोंगर आहेत, पाडे आहेत, भात आहे, नाचणी आहे. मॅनर माझ्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटेना. पण सबनीसांनी फोनवर फोटो दाखवला. लांबट दगडी इमारत, पुढे पडवी, वर कौलं. कल्याणच्या एका कुटुंबाची ती मालमत्ता होती. सबनीसांनी त्यांच्याशी साठेखत केलं होतं, म्हणजे विकत घ्यायचं लेखी ठरवलं होतं. कायमचं खरेदीखत माझ्या सर्चनंतर व्हायचं होतं. पुढे तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायचा त्यांचा बेत होता.

"पाड्यातले सगळे त्याला साहेबाचा बंगला म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे कोणीतरी इंग्रज राहून गेलाय. तुम्ही फक्त त्याचं नाव शोधून द्या. कॅप्टन तरी असेलच. कलेक्टर निघाला तर प्रश्नच मिटला."

मी म्हटलं, "कॅप्टन असेल तर सापडेल. नसेल तर मी घालणार नाही."

ते खूश झाले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाडीतून आम्ही जागा बघायला गेलो. इमारत खरोखर भक्कम होती. भिंतीत ओळीनं लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. "घोडे!" सबनीस म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कॅप्टन नुकताच घोड्यावरून उतरल्यासारखा आनंद होता. इमारतीच्या पाठीमागे पायऱ्यांची बावडी होती आणि एप्रिल असूनही तिच्यात पाणी होतं. ज्यांना शहापूर तालुक्यातली उन्हाळ्याची पाणीटंचाई माहीत आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. बावडीच्या आणि पाड्याच्या मध्ये मात्र नवं काटेरी कुंपण होतं आणि त्यात एक लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप.

फाटकाच्या पलीकडे एक म्हातारी बाई रिकामा हंडा उपडा घालून त्यावर बसली होती. ठमाबाय तिचं नाव. तिच्या शेजारी तिची सून संगीता उभी होती. तिशीतली, उजव्या हाताला प्लास्टर आणि हात गळ्यात बांधलेला.

सबनीस माणूस मोकळा. त्यांनी कुंपणापाशी जाऊन नमस्कार केला आणि आपला बेत उत्साहानं सांगायला सुरुवात केली. "मावशी, ही साधी इमारत नाही. हा मॅनर आहे, मॅनर."

"म्यानर?" ठमाबाय म्हणाली. "माजी नात शाळंत शिकते त्ये? उभं ऱ्हायचं, गुड मॉर्निंग बोलायचं?"

"ते मॅनर्स."

"मंग त्यात कुलूप लावायच्या आदी इचारायचं असतंय का नसतंय?"

सबनीस हसले, पण टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. कुलूप त्यांनी लावलेलं नव्हतं. साठेखतात 'निर्वेध ताबा', म्हणजे कोणाचीही ये-जा किंवा हरकत नसलेली जागा, असं लिहिलेलं होतं, म्हणून कल्याणकरांनी दिवाळीनंतर माणूस पाठवून कुंपण घातलं होतं. तोवर अख्खा पाडा त्या बावडीचं पाणी भरत होता.

"मी बाहेर एक नळ काढून देणार आहे," सबनीस म्हणाले.

"नळ द्याल तुमी. पानी कुटलं?"

सबनीसांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मी संगीताला विचारलं, हाताला काय झालं. ती बोलायच्या आधी ठमाबायच म्हणाली, "बावडी बंद झाली तवापासून वढ्यावर जातात पोरी. खाली, लांब हाय. शेवाळावर पाय सरकला, हंड्यासकट पडली. मनगट मोडलं."

"नीट होईल," संगीता म्हणाली. "नाय झालं तरी डावा हाय."

निघताना मी ठमाबायला विचारलं, "ह्या बंगल्यात साहेब कोण होता, काही ऐकलंय का?"

"सायबूचाच बंगला ना ह्यो," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली. तिकडे साहेबाला सायब म्हणतात, हे मला ठाऊक होतं. जास्त ठाऊक असलं की असं होतं.

मग मी कामाला लागले. आधी कल्याणकरांचं खरेदीखत. चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी ती जागा एका लाकूड व्यापाऱ्याच्या नातवाकडून घेतली होती. सबनीसांच्या साठेखतात तिला 'ब्रिटिशकालीन भव्य बंगला' म्हटलं होतं. कल्याणकरांच्या खरेदीखतात ती 'बंगलेवजा इमारत' होती. व्यापाऱ्याच्या घरच्या वाटणीपत्रात ती झाली 'लाकडाची वखार, पडवीसह'. मी जसजशी मागे जात होते तसतशी इमारत एकेक पायरी खाली उतरत होती. पुढे येणाऱ्या प्रत्येक पिढीनं तिला बढती दिली होती. रोज संध्याकाळी सबनीसांचा फोन यायचा. "कॅप्टन?" ते विचारायचे. "अजून वखारीत आहे," मी सांगायचे.

त्या लाकूड व्यापाऱ्यानं ती जागा कोणाकडून घेतली तो दस्त मोडीत होता. त्याची बालबोध नक्कल, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत उतरवलेली, कल्याणकरांच्या फाइलीत होती. पिवळा पडलेला फूलस्केप कागद, निळ्या शाईचं अक्षर. मी वाचायला घेतला आणि पहिल्या ओळीलाच थांबले. तो 'ट' मी ओळखत होते. शेपटीला विनाकारण वेलांटी देणारा, मुरबाडच्या शाळेत बाईंनी दहा वेळा टोकलेला. कागदाच्या तळाला लिहिलं होतं, 'मोडीवरून बालबोध केले. वाचन बरोबर.' खाली माझी सही होती, माहेरच्या नावाची.

कल्याणकरांचा तो व्यवहार आमच्याच वकीलसाहेबांनी केला होता. माझी पहिली-दुसरी मोडी नक्कल असेल. मी पूर्णपणे विसरून गेले होते. तेवीस वर्षांच्या त्या मुलीचं मला थोडं कौतुकही वाटलं, अक्षर किती स्वच्छ काढायची म्हणून. आणि मग मजकुराच्या मध्ये, कंसात, तिने लिहिलेले दोन शब्द दिसले. (किरकोळ मजकूर).

मला तो दिवस आठवला असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या दिवसांत माझं काय चालायचं ते आठवतं. प्रत्येक जुन्या दस्तात एक लांबलचक ठरावीक भाग असतो, 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह' वगैरे. तो सगळीकडे सारखाच, म्हणून मी गाळायचे. पानाच्या तळाशी अक्षर दाटीचं असलं, डाग असला, आणि मुरबाडची शेवटची एस.टी. साडेपाचला असली, की मी असं गृहीत धरायचे की हा तोच भाग. किरकोळ मजकूर.

मी रजिस्टर ऑफिसात अर्ज केला आणि मूळ दस्ताचं जुनं बुक काढायला लावलं. तिथल्या कारकून मुलीनं ते टेबलावर ठेवलं आणि धूळ झटकून म्हणाली, "मॅडम, हे तुम्हीच वाचा. आमच्यात कोणाला येत नाही." भिंग घेऊन मी त्या दाटीच्या ओळींवर बसले. तृण नव्हतं, काष्ठ नव्हतं. असं होतं:

'इमारतीचे पाठीमागे बावडी आहे, तिचे पाणी पाड्यातील लोक पूर्वापार भरीत आले आहेत. ते पाणी व बावडीस जाणारी पायवाट त्यांजकडे चालू राहील. तुम्ही अगर तुमचे वारसांनी त्यांस हरकत करू नये. ही अट कबूल करून तुम्ही खरेदी केली आहे.'

कल्याणकरांचं खरेदीखत माझ्या नकलेवरून तयार झालं होतं, म्हणून त्यात ही अट आली नाही. त्यांच्या मुलांना ती कधी कळलीच नाही. त्यांनी कागद बघितला, कागदात काही नाही, कुंपण घातलं. कायद्यानं बघायला गेलं तर बिचाऱ्यांचं काय चुकलं?

घरी येऊन मी चहा केला आणि प्यायचा राहिला. गंमत बघा, हे कोणालाही कळायचं कारण नव्हतं. सही माहेरच्या नावाची, आमचे वकीलसाहेब केव्हाच गेलेले, मोडी वाचणारं आसपास कोणी नाही. अहवालात अट लिहायची आणि आधीची नक्कल 'अपुरी आढळली' असं एक सभ्य वाक्य टाकायचं. असली सभ्य वाक्यं मला झोपेतही सुचतात. मी ते वाक्य लिहिलंसुद्धा. मग संगीताचा गळ्यात बांधलेला हात डोळ्यांपुढे आला आणि मी ते खोडलं. आयुष्यभर मी लोकांच्या आजोबांच्या चुका त्यांच्या नातवंडांच्या तोंडावर वाचून दाखवत आले. त्यात केवढा ताठा असायचा माझा!

मी सबनीसांना फोन केला. "कॅप्टन सापडला का?" त्यांनी विचारलं.

"जे सापडलं ते तिथेच येऊन सांगते. पाड्यातल्या लोकांनाही बोलवा."

त्यांना वाटलं, समारंभ आहे. येताना ते पेढे घेऊन आले.

पडवीत सबनीस खुर्चीवर, मी बाकावर, आणि फाटक त्या दिवसापुरतं उघडून आत आलेल्या पाड्यातल्या दहा-बारा बायका जमिनीवर. ठमाबाय पुढे, संगीता तिच्या मागे. मी मूळ दस्ताची माझी ताजी नक्कल काढली आणि वाचायला लागले. 'लिहून देणार सायबू वल्द लाडकू, धंदा कोंडवाड्याची राखण.'

"कोण?" सबनीस म्हणाले.

"सायबू. लाडकूचा मुलगा."

"सायबू म्हंजे आमच्या सासऱ्याचा आजा," ठमाबाय म्हणाली.

"मावशी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पाड्यात पोरासोरांना म्हाईत हाय. मी या बाईला सांगितलं ना, सायबूचा बंगला म्हनून. तिनं मान हलवली."

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदात पाहिलं. पुढे वाचलं. ही इमारत मूळची सरकारी कोंडवाडा होती. लोकांची शेतं खाणारी मोकाट गुरं धरून इथे कोंडत. पुढे कोंडवाडा दुसऱ्या मोठ्या गावी हलवला आणि ही रिकामी चौकट राखणदार सायबूला मिळाली. त्यानं ती लाकूड व्यापाऱ्याला विकली. व्यापाऱ्यानं वर कौलं चढवली आणि पडवी काढली.

"आणि त्या कड्या?" सबनीसांनी हळूच विचारलं.

"म्हशी," मी म्हटलं.

बायका एवढ्या हसल्या की वाचन थांबवावं लागलं. सबनीसांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इंग्लंडहून इथपर्यंत सांभाळून आणलेला कॅप्टन त्यांच्या डोळ्यांदेखत म्हशीवर बसून निघून गेला होता. मला त्यांची खरंच दया आली.

मग मी ती अट वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हसणं बंद झालेलं होतं.

"हे आजच्या कायद्यात टिकतं?" सबनीसांनी विचारलं.

"कोर्टात गेलात तर दोन्ही बाजूंनी वीस वर्षं भांडता येईल. तोवर संगीताची मुलगी ओढ्यावर जायला लागेल."

"पण कल्याणकरांच्या दस्तात हे कसं नाही?"

मी पिवळा फूलस्केप काढून त्यांच्यापुढे धरला आणि कंसावर बोट ठेवलं. "इथे गळलं. ही नक्कल मी केली होती. खालची सही माझीच आहे, लग्नाआधीची. मला वाटलं, नेहमीचाच भाग आहे. वाचलं नाही आणि वाचलं असं लिहून दिलं."

संगीता कागदाकडे बघत होती. ठमाबायला तो वाचता येत नव्हता, म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे ह्या फाटकाचा कुलूप तुज्या हातानं लागला, गो बाय?"

"हो."

"आनि हिचा हात?"

"तोही."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "एवढी शिकलेली तू," ती म्हणाली, "आनि दोन वळी वाचायला कंटाळलीस?" आणि मग, "मंग तुज्याच हातानं काढ आता."

फाटक त्या दिवशी उघडंच होतं, पण कुलूप कडीला लोंबत होतं. सबनीसांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी जाऊन कुलूप काढलं. ते उन्हानं इतकं तापलं होतं की हातात धरवेना, पण त्या वेळी खाली टाकणं बरं दिसलं नसतं. बायकांनी हंडे उचलले आणि माझ्या बाजूने बावडीकडे गेल्या. पेढे मागे राहिले होते, ते शेवटी सबनीसांनीच बावडीपाशी नेऊन वाटले. कॅप्टनच्या नावाचे पेढे सायबूच्या पणतवंडांनी खाल्ले.

त्यानंतर तीन आठवडे सबनीसांचा फोन नाही. टपरीवर दलाल म्हणाला, "मोडलात ना, बाई?" मलाही तसंच वाटत होतं. कुलूप निघालं होतं, पण दुसरं कोणी गिऱ्हाईक आलं असतं तर पुन्हा लागलं असतं. कल्याणकर मला शिव्या घालत असल्याचंही कानावर आलं. त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

मग एका सकाळी सबनीस दारात. या वेळी टोपी नव्हती. "ताई, दस्ताच्या शेवटी सायबूची सही कशी आहे?"

"सही नाही. लिहिता येत नव्हतं त्याला. 'निशाणी नांगराची' असं लिहिलंय आणि बुकात नक्कल करणाऱ्यानं शेजारी छोटासा नांगर काढलाय."

"तो मला हवा," ते म्हणाले. "फ्रेमसाठी. मी घरी खूप विचार केला. त्या मॅनरच्या फ्रेममध्ये सगळे बडे लोक होते, दरबारातले, चर्चमधले. विकताना शेजाऱ्यांच्या पाण्याची काळजी केलेला एकही नव्हता. आपला बरा आहे."

सबनीस एरवी असं बोलत नाहीत, म्हणून लिहून ठेवलं. लगेच ते मूळ पदावर आले आणि विचारलं, पाटीवर 'कोंडवाडा' लिहिलं तर पाहुणे येतील का. मी म्हटलं, येतील, शहरातल्या माणसांना कोंडून घ्यायची सवय असते. ती पाटी आता तिथे आहे. सुट्टीला लोक आपण होऊन येतात आणि कड्यांना धरून फोटो काढतात.

पण पाटीच्या आधी खरेदीखत व्हायचं होतं. कच्चा मसुदा मी केला. बावडी, पायवाट, पाड्याचा हक्क, सगळं सविस्तर, एक शब्द न गाळता. वकिलांनी तपासला. सबनीसांनी वाचला. कल्याणकरांनी नाक मुरडत वाचला. साक्षीदार म्हणून पाड्यातलं कोणीतरी हवं, असा माझा आग्रह होता. ठमाबाय म्हणाली, "मी अंगठा देईन, पन सही संगीताची बरी दिसंल."

नोंदणीच्या दिवशी रजिस्टर ऑफिसच्या बाहेर, टायपिंगवाल्याच्या टेबलापाशी आम्ही सगळे जमलो. संगीताचं प्लास्टर निघालेलं होतं. मनगट जरा वाकडं बसलं होतं, ते तसंच राहिलं. टायपिंगवाल्यानं तिच्यापुढे कागद सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. तिने ते बोट बाजूला केलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"ताई, आत नंबर लागलाय," टायपिंगवाला म्हणाला.

तिने ऐकलं नाही. ओठ हलवत, एकेक शब्द. तिसऱ्या पानावर, चतुःसीमेपाशी, ती थांबली.

"मॅडम, हितं काय लिवलंय? 'इमारतीचे पश्चिमेस बावडी'?"

"हो," मी म्हटलं.

"बावडी मावळतीला नाय. उगवतीला हाय."

मी कागद ओढून घेतला. वकिलांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. सबनीसांनी डोळे मिटून, हातानं हवेत बंगला काढून दिशा लावून बघितल्या. मसुदा मी तीन वेळा तपासला होता. बावडी उगवतीलाच होती.

"आवं, पुन्ना पन्नास वरसांनी तुमच्यासारकी कुनी वाचायला बसंल," संगीता मला म्हणाली, अगदी शांतपणे, "तर बावडी कुटं शोदायची तिनं?"

ठमाबाय पदरात तोंड खुपसून हसत होती. टायपिंगवाल्यानं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, 'पश्चिमेस' काढून 'पूर्वेस' घातलं. आमचा नंबर निघून गेला. संगीता यंत्रापाशी उभी राहिली, निघालेला गरम कागद हातात घेतला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आम्ही शिकलेली माणसं तिच्याभोवती उभी राहिलो.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली. मग आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.